सेक्रेटरींच्या साडूचं लोणचं

खारी गावाकडून येणारा रस्ता आमच्या बिल्डिंगजवळ मोठ्या रस्त्याला मिळतो. त्या तिठ्याला आता चौक म्हणायचं आणि त्या चौकाला आमच्या सोसायटीच्या दिवंगत पहिल्या सेक्रेटरींचं नाव द्यायचं, असं घाटतंय. मागच्या महिन्यात दोन तरुण सभासद माझ्याकडे आले. फलक लागेल त्या दिवशी एक छोटी स्मरणिका काढायची आहे म्हणाले. "काका, तुम्ही त्यांच्या सगळ्यात जवळचे. जुन्या दिवसांबद्दल दोन पानं लिहून द्या. जरा हलकंफुलकं."

मी हो म्हणालो. मी जन्मभर लोकांना हो म्हणत आलोय. पण ते गेल्यावर मला असा काही संताप आला की हातातला कप मी बेसिनमध्ये आपटला. या वयात एवढा राग बरा नाही, असं डॉक्टर सांगतात. डॉक्टरांना तो डबा माहीत नाही.

तेव्हा ही घ्या पानं. हलकीफुलकी नाहीत, आणि दोनही नाहीत.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही गिरगावातली खोली सोडून इथे जेसल पार्कला आलो. समोर खाडी, खाडीच्या कडेला मिठागरं, आणि भराव टाकून उभ्या केलेल्या बिल्डिंगी. नळ होते, नळांना पाणी नव्हतं. टँकर यायचा तो सेक्रेटरींच्या शब्दावर. विजेचा मीटर, रेशनकार्ड, मुलांचे शाळाप्रवेश, सगळं सेक्रेटरी करून द्यायचे. स्टेशनजवळ त्यांचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. आखातातल्या नोकऱ्या, व्हिसा, तिकिटं. गोड बोलायचे. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क होतो, इंग्रजी बरं होतं, म्हणून सोसायटीचा पत्रव्यवहार मी लिहायचो. चारचौघांत ते मला 'साहेब' म्हणायचे आणि मी फुगायचो.

ज्याच्यासाठी हे लिहितोय तो खारीचा. पिढ्यान्‌पिढ्या खाडीत जाळं टाकणारं घर. बाप लवकर गेला. आई आमच्या गेटपाशी मासळीची टोपली घेऊन बसायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. पोराला पाण्यापेक्षा विजेचं वेड. आमच्या पाच मजल्यांतला प्रत्येक पंखा आणि फ्रिज त्याच्या हाताखालून गेलेला. इंग्रजी कागद आला की माझ्याकडे घेऊन यायचा. "काका, हे काय लिवलंय बघा जरा." त्याच्या पासपोर्टचा अर्ज मीच भरला. सेक्रेटरींनी त्याला आखातात एसी मेकॅनिकची नोकरी मिळवून दिली, तेव्हा मावशीने आख्ख्या बिल्डिंगला पापलेट वाटलं होतं. हे पापलेट खाल्लेले काही जण अजून इथेच राहतात.

निघायच्या दिवशी दुपारी मायलेक बॅग घेऊन माझ्या घरी आले, कारण वजनाचा स्प्रिंगकाटा माझ्याकडे होता. माझी बायको मुलींना घेऊन माहेरी गेली होती. घरात आम्ही तिघंच. बॅग काट्याला अडकवून उचलतोय तोच सेक्रेटरी आले. हातात पत्र्याचा डबा, तोंडाशी कथलाने झाळून बंद केलेला. त्या काळी विमानातून लोणचं पाठवायचं तर डबा असाच झाळून घ्यायचे, म्हणजे तेल सांडत नसे.

"माझा साडू आहे तिकडे," सेक्रेटरी म्हणाले. "बिचारा एकटा. घरचं लोणचं बघितलं की डोळ्यांत पाणी येतं त्याच्या. एवढा डबा ने बाबा. तो विमानतळावर येईल घ्यायला."

आता ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगतो. आखातात कोणी निघाला की ओळखीचे चार जण चार पुडकी घेऊन यायचे. कोणाचे पापड, कोणाचं मेतकूट, कोणाचं बाळंतिणीचं औषध. नाही म्हणणारा माणूस माजला असं समजत. उघडून दाखवा म्हणणं तर सोडूनच द्या.

पोरगा तरी बोलला. "साहेब, काटा आधीच जास्त दाखवतोय. आणि डबा झाळलेला हाय. तिकडं विचारलं आत काय हाय, तर काय सांगू?"

सेक्रेटरींनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघून हसले. "साहेब, तुम्ही सांगा आता. तुमचंच ऐकतो तो."

आणि साहेबांनी सांगितलं. "लोणचं म्हणून सांग. ज्यांनी नोकरी लावून दिली त्यांचा एवढाही डबा नेणार नाहीस का?"

वजन जास्त होत होतं म्हणून बॅग मी उघडली. वरच मावशीची जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी होती. सोडे. तिने पडवीत बसून सोललेली, उन्हात वाळवलेली कोलंबी. मी ती काढून बाजूला ठेवली.

"आवं भाऊ, ऱ्हाऊ द्या ना," मावशी म्हणाली. "पोराला तिकडं कोन देनार हाय?"

"मावशी, विमानात वास सुटला तर लोक नाकं दाबतील. आपलीच शोभा."

"आनि लोनच्याला वास न्हाय?"

सेक्रेटरी मोठ्याने हसले. मीही हसलो. सोडे काढले त्या जागी डबा बसवला, चेन लावली, काटा परत बघितला. बरोबर भरला.

सुक्या मासळीचा वास माझ्यासारख्या माणसाला अब्रू घालवणारा वाटत होता. सेक्रेटरींच्या डब्याला वास येत नव्हता, म्हणून तो मला सभ्य वाटला. एवढ्यावर मी एका माणसाचं आयुष्य बॅगेत भरलं.

तिकडच्या विमानतळावर डबा कापला. वर चार बोटं लोणचं, खाली दुसरा पत्रा, त्याखाली गर्दची पावडर. साडू आला नाही. साडू नव्हताच.

बातमी त्याच्यासोबत गेलेल्या एका कामगाराने फोनवर कळवली. मावशी टोपली तशीच टाकून माझ्या दारात आली. मी तडक सेक्रेटरींकडे गेलो. खरंच सांगतो, तडक गेलो. तेव्हा मी भ्यायलो नव्हतो. भ्यायलो ते त्यांच्या घरातून बाहेर पडताना.

"कसला डबा?" ते म्हणाले. आवाज अजिबात चढवला नाही. "साहेब, बॅग कोणाच्या घरी भरली? डबा आत कोणी ठेवला? चेन कोणी लावली? ते लोक मागचा माणूस शोधतील तेव्हा आधी कोण सापडेल? या गुन्ह्याला आपल्याकडे कमीत कमी दहा वर्षं आहेत. तुमची सरकारी नोकरी, दोन मुली. मी आपलं तुमच्या भल्याचं सांगतो."

मावशीला घेऊन पोलीस चौकीत गेलो. जाणं भाग होतं, ती सोडतच नव्हती. तिथल्या अंमलदाराने तिचं अर्धं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "मावशी, खाडीत प्रेत लागलं तर आम्ही आधी बघतो ते या काठाचं की पलीकडचं. पलीकडचं असलं तर पलीकडचे बघतील. आणि तू समुद्रापलीकडचं घेऊन आलीस?" बाकावर बसलेले दोन शिपाई हसले. गुन्हा तिकडे घडला, माल तिकडे सापडला, आरोपी तिकडे. आमची हद्द नाही.

"डबा हिकडचा हाय," मावशी म्हणाली. "देनारा हिकडंच बसलाय, चा पितोय."

"पुरावा?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "साहेब, आम्ही वकिलांना विचारून येतो." वकिलाकडे मी कधीच गेलो नाही.

यानंतर जे झालं त्याबद्दल लोक म्हणतात की परदेशी कायदा कठोर, आपला कायदा ढिसाळ, त्यात बिचारा गरीब सापडला. मीही वर्षानुवर्षं असंच म्हणत आलो. सोयीचं होतं. पण तसं घडलं नाही. तिकडच्या न्यायाधीशाने विचारलं होतं. त्याच्यासमोर या पोराने सांगितलं की डबा अमक्याने दिला, माझ्या काकांच्या घरी दिला, काका खोटं बोलणार नाहीत, त्यांना विचारा. दुभाषा मोडक्या हिंदीतला. तरी ते अरबीत पोचलं, आणि न्यायाधीशाने खटला थांबवून इकडे विचारणा पाठवली. ती वकिलातीतून दिल्लीला गेली, दिल्लीहून मुंबईला आली. वर्ष गेलं त्यात. पण दोन देशांची सरकारं, ज्यांच्यात गुन्हेगार परत देण्याघेण्याचा करारसुद्धा नव्हता, ती एका पंखेवाल्याच्या सांगण्यावरून माझ्या दारापर्यंत आली. सगळं यंत्र कुरकुरत का होईना, चाललं. माझ्यापाशी येऊन बंद पडलं.

अर्थात इथल्या पोलिसांनी त्यातही आपला हात दाखवलाच. मुंबईहून अधिकारी येणार म्हणून चौकीतून सेक्रेटरींनाच फोन गेला, की साहेबांना बसायला जागा करा. म्हणजे ज्याच्याबद्दल चौकशी, त्याच्याच ऑफिसात चौकशी, त्याच्याच पंख्याखाली. हे आठवलं की अजून माझं डोकं उठतं.

सोसायटीचं ऑफिस तळमजल्यावर, पंपाच्या खोलीशेजारी. अधिकारी तरुण होता, चष्मेवाला, गंभीर. सेक्रेटरी चहा घेऊन आत आले.

"तुम्ही जरा बाहेर थांबता का?" अधिकारी म्हणाला.

"हो, हो. दरवाजा तेवढा लागत नाही त्याचा. मी इथेच आहे पंपापाशी, काही लागलं तर हाक मारा."

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. "आईचा जबाब घेतलाय मी. पण आई ती आई. तिकडचं कोर्ट तिचं धरणार नाही. तुमचं धरेल. तुम्ही नात्यातले नाही, सरकारी नोकर आहात. बॅग तुमच्या घरी भरली?"

"हो. काटा माझ्याकडे होता म्हणून."

"पत्र्याचा डबा कोणी आणला?"

बाहेर सेक्रेटरी कोणाशी तरी टँकरबद्दल बोलत होते. अगदी नेहमीच्या आवाजात.

"डबा मी पाहिला नाही," मी म्हणालो.

"नीट आठवा. मी तुम्हाला अडकवायला आलेलो नाही. माल पाठवणारा मोठा माणूस तिकडे कुठेतरी बसलाय, तो आम्हाला मिळणार नाही, हे मला माहीत आहे. पण इकडचा हात मिळाला तर हा मुलगा सुटू शकतो. एवढंच विचारतो, झाळलेला डबा कोणी दिला?"

"नाही साहेब. बॅग भरूनच आणली होती. मी फक्त वजन केलं."

त्याने लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, मी सही केली. पेनाला टोपण लावता लावता त्याने माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं असं मला वाटतं. पण कळलेलं लिहिता येत नाही, सांगितलेलंच लिहावं लागतं. माझं ते 'नाही' मुंबईहून दिल्लीला गेलं, दिल्लीहून समुद्रापलीकडे गेलं, त्याचं अरबी झालं, आणि भर कोर्टात त्या पोराला वाचून दाखवलं. दुभाष्याने काय सांगितलं ते त्याला धड कळलं नाही, एवढीच त्याच्यावर दया झाली. शिक्षा मात्र कळली. जन्मठेप.

त्या दिवशी जबाब देऊन मी गेटबाहेर आलो तेव्हा मावशी टोपलीपाशी उभी होती.

"भाऊ, काय सांगितलंव?"

"मावशी, मला आता नीट आठवत नाही."

"माजं सोडं काढलेलं आठवतंय ना?"

मी जिना चढून वर गेलो.

त्यानंतर तिने मला मासळी विकली नाही. टोपली भरलेली असली तरी म्हणायची, "तुमच्याजोगं न्हाय आज काय." बाकी बिल्डिंगने तर तिच्याकडून घेणंच सोडलं. तिला गर्दवाल्याची आई म्हणायला लागले. जिन्यावर टवाळी चालायची, "काय मावशी, बोंबील आहेत की पावडर?" हे म्हणणारे चांगल्या घरातले, ऑफिसात जाणारे, संध्याकाळी देवळात जाणारे लोक. आणि त्यात सेक्रेटरी मध्ये पडून म्हणायचे, "अरे, असं बोलू नये. म्हातारी आहे." लोकांना त्यांचं कौतुक वाटायचं. शेवटी ती टोपली घेऊन स्टेशनकडे बसायला गेली.

सेक्रेटरींनी ट्रॅव्हल ऑफिस गुपचूप बंद केलं. बांधकामात पडले, मग निवडणुकीत उतरले. त्यांना कोणी कधी काही विचारलं नाही. मी त्यांच्याशी बोलणं तोडलं असेल असं तुम्हाला वाटेल. नाही तोडलं. त्यांच्या मुलाच्या लग्नात मी अक्षता वाटल्या.

नव्वदचं दशक संपता संपता तो सुटला. ईदला तिथले राज्यकर्ते काही कैद्यांना माफी देतात, त्यात. माफी! जे केलंच नाही त्याची माफी मिळाली, आणि आम्ही बिल्डिंगवाले म्हणालो, बघा, किती उदार मनाचे लोक. इकडे आल्यावर विमानतळावरच आपल्या लोकांनी त्याला परत दोन दिवस बसवून ठेवलं. कागद तपासायचे होते म्हणे.

आल्यावर तो माझ्याकडे आला. केस पिकलेले, पुढचे दोन दात नाहीत. खुर्चीवर बसेना, खालीच बसला, भिंतीला टेकून. कैदेतली सवय असेल. मी चहा केला.

"काका, एकच विचारायचं होतं," तो म्हणाला. "कोर्टात तुमचं काहीतरी वाचलं. मला समजलं न्हाय. आई पत्रात लिवून घ्यायची, की काकांना कोणी विचारायलाच आलं न्हाय. आले असते तर त्यांनी सांगितलं असतं. त्याच्यावर मी दिवस काढले. खरंच कोणी आलं नव्हतं?"

म्हणजे त्या बाईने माझं पाप पोरापासून लपवलं होतं. माझ्यासाठी नाही. तिकडे त्याचा धीर सुटू नये म्हणून. आता तो समोर बसला होता, सुटलेला. खरं बोलायला मला कसलीही अडचण उरली नव्हती. मी निवृत्त झालो होतो, मुलींची लग्नं झाली होती.

"नाही रे," मी म्हणालो. "कोणी आलं नाही."

पहिल्या वेळी मी घाबरलो होतो असं म्हणता येतं. या दुसऱ्या वेळेला काय म्हणायचं?

फलकवाले तरुण येऊन गेल्यावर, कप आपटल्यावर, दुसऱ्या दिवशी मी खारीत गेलो. पहिल्यांदाच. एवढ्या वर्षांत इथून हाकेच्या अंतरावरच्या त्या गावात मी पाऊल टाकलं नव्हतं. चहूबाजूंनी टॉवर आलेत, मधे घरं दबून बसलीत. त्याचं एका खोलीत पंख्यांच्या वायंडिंगचं दुकान आहे. मावशी जाऊन बरीच वर्षं झाली. तो मोटारीला तार गुंडाळत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं. विचारलं होतं, मी नाही म्हणालो, तुला परत खोटं सांगितलं, सगळं.

त्याचा हात थांबला नाही.

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "आईने जाताना सांगितलं."

"मग तू एवढी वर्षं मला…"

"तुमचा पंखा दुरुस्त करायला दोनदा आलो मी. बोललात काय? न्हाय. मी बघत होतो, कवा बोलताय ते."

"मला माफ कर, असं म्हणायलाही तोंड नाही."

तेव्हा मात्र त्याने तार खाली ठेवली आणि त्याचा आवाज चढला. "माफीचं नाव काढू नका माझ्यापुढं. लय झाली माफी. मला काय सांगताय, मी होतो की तिथं! ज्यांनी बघितलं न्हाय त्यांना सांगा. माझ्या पोरीला बघायला लोक आले, तुमच्या तिठ्यावर पत्ता विचारला, कोणीतरी सांगितलं, गर्दवाल्याकडं जायचंय व्हय? तिथूनच परत गेले. आता त्याच तिठ्यावर त्याच्या नावाचा बोर्ड लावताय. पत्ता विचारायला आलेल्या माणसाला आम्ही त्याचं नाव सांगायचं?"

मी घरी आलो आणि लिहायला बसलो. ही पानं स्मरणिकेत छापणार नाहीत, हे मला माहीत आहे. म्हणून येत्या रविवारी सोसायटीच्या सभेत मी ती उभा राहून वाचणार आहे, आणि फलकाला हरकत म्हणून हीच महापालिकेत देणार आहे. म्हातारा चळला असं म्हणतील. म्हणोत. सेक्रेटरींच्या मुलाने दावा लावला तर फार बरं होईल. निदान कोर्टात मला परत कोणीतरी तोच प्रश्न विचारेल.

तोवर, त्या चष्मेवाल्या अधिकाऱ्याला जो जबाब द्यायला हवा होता तो इथे देतो. बॅग माझ्या घरी भरली. झाळलेला डबा आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी आणला, माझ्यासमोर, मावशीसमोर. पोरगा नको म्हणत होता. मी त्याला दटावलं. डबा मी माझ्या हातांनी आत ठेवला. त्याला जागा व्हावी म्हणून त्याच्या आईचे सोडे काढले. ते ती पदराखाली धरून परत घेऊन गेली.